जमादाराचा कडू घास

वामनराव भोयरांच्या प्राणिसंग्रहालयात शिरायला तिकीट लागत नाही. फाटकापाशी एक उंटीण उभी असते. तिच्यासमोर उभं राहून आपलं नाव, गाव आणि येण्याचं कारण मोठ्यानं सांगावं लागतं. त्याशिवाय वामनराव फाटकाचा अडसर काढत नाहीत.

एकदा नागपूरचे एक मोठे साहेब सहकुटुंब आले होते. उंटाला नाव सांगायला ते तयार होईनात. वामनराव शांतपणे अडसरावर हात ठेवून उभे राहिले. "तुमी तिले पाह्याले आले न साहेब? मंग तिले बी कळू द्या कोन आलं. कोनाच्या घरात असं मुक्यानं घुसते काय मानूस?" साहेबांनी शेवटी इकडेतिकडे बघत, ओठातल्या ओठात नाव सांगितलं. वामनराव म्हणाले, जरा जोरानं, तिले कानानं कमी आयकू येते. उंटिणीचे कान अगदी ठणठणीत आहेत. पण मी मध्ये बोलले नाही, कारण साहेबांची बायको इतकी हसत होती की तिचा तो आनंद मोडवेना.

मुलांनो, तुम्ही फोनवर नेहमी विचारता की आजी, तिथे बघण्यासारखं काय आहे. तुमच्या गावच्या प्राणिसंग्रहालयात पेंग्विन आहेत, काचेच्या बोगद्यातून शार्क पाहता येतात, हे तुम्ही मला दाखवलंत. आमच्याकडे वामनराव आहेत. ते फोनवर दाखवता येत नाहीत, म्हणून लिहून पाठवते.

हिंगणीच्या रस्त्याला आपली जी संत्र्याची बाग आहे, तिच्या बांधाला लागून त्यांचं शेत. वामनराव आयुष्यभर एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तिकिटांची पेटी परत केली, पण गाडी अजून चालूच आहे. लिंबाच्या फांदीला त्यांनी एक घंटा टांगली आहे, तिची दोरी साऱ्या पिंजऱ्यांवरून फिरवून आणली आहे. पाहुणे एकेकटे हिंडू शकत नाहीत. पंधरा-वीस जण जमले की खेप सुटते. दोनदा घंटा झाली की निघायचं, एकदा झाली की थांबायचं. सशांपाशी कुणी जास्त रेंगाळलं तर "पुढं सरका, मांगं लोकं लोंबकळून राह्यले" असं ऐकावं लागतं. मागे बहुतेक वेळा कुणीच नसतं. ज्याला ससे पुन्हा पाहायचे असतील त्याने पुढच्या खेपेला थांबायचं, आणि पुढच्या खेपेआधी उंटिणीला पुन्हा नाव सांगायचं.

बोरच्या जंगलात वाघ पाहायला आलेली आणि वाघ न दिसलेली मंडळी परतताना इथे डोकावतात. ती आधीच चिडलेली असतात. "इथं तरी वाघ आहे का?" असं विचारलं की वामनराव सांगतात, वाघाची आज सुट्टी आहे, बदक ड्यूटीवर आहे. जंगली जनावर ठेवायला त्यांना परवानगी नाही आणि त्यांना ते ठेवायचंही नाही. एखादं जखमी हरीण शेतात आलंच, तर ते वनखात्याला फोन करतात आणि गाडी येईपर्यंत त्याच्याशेजारी गोणपाट टाकून बसतात. त्यांच्याकडे जे आहेत ते सारे कुणीतरी आधी पाळलेले आणि मग नको झालेले.

ती उंटीणच घ्या. सुगीनंतर काठेवाडी मेंढपाळ मेंढ्या-उंट घेऊन आपल्या भागातून जातात, हे तुमच्या वडिलांना आठवत असेल. त्यांच्या कळपातलं उंटाचं एक पिल्लू पाय सुजून बसलं, ते त्यांनी वामनरावांच्या बांधावर सोडलं आणि पुढच्या वर्षी घेऊन जाऊ म्हणाले. पुढच्या वर्षी ते खरंच आले. आदल्या दिवसापासून वामनराव कुणाशी बोलत नव्हते. म्हाताऱ्या मेंढपाळानं उंटिणीभोवती एक फेरी मारली, तिचं सुटलेलं पोट पाहिलं, तिनं त्याच्या पागोट्याचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. म्हातारा म्हणाला, "इसको यहीं रहने दो. ये बिगड़ गई." वामनराव हे वाक्य अजूनही प्रत्येक खेपेला पाहुण्यांना ऐकवतात, एखाद्यानं आपल्या मुलीच्या पहिल्या नंबराबद्दल सांगावं तसं.

मग ती पांढरी घोडी. सेलूच्या एका बँडवाल्यानं ती आणून दिली. वरातीत नाचून तिचे गुडघे गेले होते. गुडघे गेले तरी पाय विसरले नाहीत. एका पाहुण्याच्या खिशात फोन वाजला, त्याला बँडची धून होती, आणि ही मागच्या दोन पायांवर तोल सावरत नाचायला लागली. पाहुणे खूश झाले आणि सगळे आपापल्या फोनवर तीच धून शोधायला लागले. त्या दिवसापासून फाटकावर सूचना आहे, मोबाईल मुका करा. ही सूचना वामनरावांची. माझ्या पाट्या वेगळ्या होत्या.

मी प्रत्येक पिंजऱ्यासाठी सुबक पाट्या रंगवून घेतल्या होत्या. वर मराठी नाव, खाली इंग्रजी, त्याखाली शास्त्रीय नाव, मूळ देश, आहार. वामनरावांनी त्या कौतुकानं लावल्या, आणि आठवड्याभरात प्रत्येकीवर खडूनं आपली भर घातली. बदकाच्या पाटीवर "चावते. सांगून चावते." टर्कीच्या पाटीवर "रागीट, पण पोटात काही नाई." आणि एमूच्या जोडीच्या पाटीवर, जिथे मी मूळ देश ऑस्ट्रेलिया असं लिहिलं होतं, तिथे ऑस्ट्रेलिया खोडून "बाईचं माहेर अल्लीपूर, बाप्याचं गाव माहीत नाई, पोलिसांनी आनून देल्ला."

हे अक्षरशः खरं होतं. मध्यंतरी आपल्याकडे एमू पाळायची लाट आली होती. शहामृगासारखा हा उंच पक्षी, त्याची अंडी, मांस, तेल, सारं विकलं जाईल असं शेतकऱ्यांना सांगितलं गेलं. मग विकत घेणारेच नाहीसे झाले आणि पक्षी दारात राहिले. काहींनी ते रात्रीतून सोडून दिले. असाच एक नर सेलूच्या रस्त्यावर वाहतुकीच्या मधोमध ताठ मानेनं चालत निघाला होता. हॉर्नला तो जुमानेना. पोलिसांनी त्याला ठाण्याच्या आवारात नेलं, तिथे त्यानं एका शिपायाच्या सदऱ्याचं बटण खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी ठाण्याची गाडी त्याला घेऊन वामनरावांकडे आली. त्याची ती चाल पाहून वामनरावांनी त्याचं नाव जमादार ठेवलं.

मादी, चंदा, त्याच्या आधीपासून होती. ती वामनरावांच्या बायकोची, कुसुमची. कुसुम अल्लीपूरची. तिचा धाकटा भाऊ वसंता हाही त्या एमूच्या लाटेत सापडला होता. सगळे पक्षी देऊन टाकायची वेळ आली तेव्हा कुसुमनं एक मागून घेतला. वसंतानं चंदाला टेम्पोत घालून, तिच्या कपाळाच्या पिसांवर हळदकुंकू लावून आणलं होतं. खरं म्हणजे प्राणिसंग्रहालयाची सुरुवात त्या टेम्पोतून झाली. कुसुम म्हणायची, लग्नात मला आंदण काही मिळालं नव्हतं, ते हे आता आलं.

कुसुम महामारीच्या दुसऱ्या लाटेत गेली. दवाखान्यातून घरी आलीच नाही. अंत्यविधी दुसऱ्यांनीच केला. वामनरावही आजारी होते. ते घरात एकटे कोंडलेले, आणि जेवणाचं पाकीट कुणीतरी फाटकावर टांगून हाक मारून निघून जायचं. मीही टांगून जात होते. गावोगावचे रस्ते बंद होते, अल्लीपूरहून वसंता येऊ शकला नाही. रस्ते उघडले तेव्हा, इतक्या उशिरा कोणत्या तोंडानं जायचं म्हणून तो आला नाही. तो आला नाही म्हणून वामनराव गेले नाहीत. भांडण झालंच नाही, त्यामुळे ते मिटवायचं कसं हेही कुणाला सुचलं नाही.

मला वाटलं होतं की कुसुमनंतर वामनराव जनावरं वाटून टाकतील. त्यांनी उलट बदकं वाढवली.

त्यांच्याकडे कुणी मेलं की ते एकच शब्द बोलतात: उतरला. ससा मेला, उतरला. म्हातारं गाढव मेलं, उतरला. त्याचा स्टॉप आला होता, असं पाहुण्यांना सांगतात, खड्डा खणतात, त्यावर चुना टाकतात, हात धुतात आणि खेप सोडतात. एका शाळेच्या सहलीत एका मुलीनं विचारलं होतं की गाढव उतरून कुठे गेलं. वामनराव म्हणाले, माझी ड्यूटी इथपर्यंतच, पुढची गाडी दुसरी असते. मुलीचं समाधान झालं. तिच्या बाईंचे डोळे भरले.

या वर्षी, उन्हं तापायला लागली तेव्हा, चंदा गेली. डॉक्टरांनी तपासून वय झालं होतं असं सांगितलं. वामनरावांनी बांधाजवळ खड्डा खणला, "उतरली" म्हणाले, आणि दुपारची खेप नेहमीसारखी नेली. सारं नेहमीसारखं झालं. फक्त जमादारानं खाणं सोडलं.

एमूच्या मादीच्या गळ्यातून ढोलकीवर थाप पडावी तसा खोल आवाज निघतो. पहाटे तो आवाज आपल्या बागेपर्यंत यायचा, मी त्यावर उठायची. तो बंद झाला. जमादार कुंपणाच्या कडेनं येरझाऱ्या घालायचा, रस्त्यावरून जड ट्रक गेला आणि जमीन घुमली की थांबायचा, मान वळवून ऐकायचा, आणि पुन्हा चालू लागायचा. समोर ठेवलेल्या खाण्याकडे बघायचाही नाही.

वामनरावांनी कोबी दिला, टरबूज दिलं, भिजवलेली तूर दिली. डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. डॉक्टर मन लावून काम करणारे गृहस्थ आहेत. त्यांनी स्पष्ट सांगितलं की शरीरात दोष काही नाही, पक्ष्यांना असं होतं, खाल्लं तर हा जगेल आणि आठवडाभर असाच राहिला तर जगणार नाही. जबरदस्तीनं नळी घालून भरवता येईल, पण रोज तसं धरून ठेवलं तर तो धसक्यानंच जाईल.

मी वाचलं होतं की एकट्या पक्ष्याला आरसा दाखवला तर सोबत वाटते. म्हणून माझ्या कपाटाचा आरसा काढून त्याच्यापुढे टेकवला. जमादारानं आरशात पाहिलं आणि पाठ फिरवली. वामनराव म्हणाले, "मॅडम, बायको गेली अन् तुमी त्याच्यासमोर आनखीन एक बाप्या आनून ठेवला. काय करन थो?" मग मी फोनवर एमूच्या मादीचा आवाज शोधून मोठ्यानं लावला. जमादार दचकला, दोन पावलं पुढे आला, आणि तेवढ्यात पलीकडे ढोल वाजला असं समजून घोडी नाचायला लागली. ती कशीबशी आवरेपर्यंत जमादार कोपऱ्यात जाऊन बसला होता. मी फोन पिशवीत ठेवला.

त्या संध्याकाळी वामनराव बांध ओलांडून आपल्या अंगणात आले. खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले की चूक लक्षात आली. मला वाटलं खाण्यात काही चूक झाली असेल.

"त्याले कोनी कडू घासच नाई देल्ला, मॅडम. मंग थो खाईन कसा?"

आपल्याकडे घरात कुणी गेलं की त्या दिवशी घरची चूल पेटवत नाहीत. सोयरे शिजवून आणतात. ज्याचं माणूस गेलं त्याला समोर बसवतात आणि पहिला घास, कडुलिंबाच्या पानासकट, त्याच्या तोंडात देतात. तो कडू घास. दुःखातला माणूस आपण होऊन ताटाला हात लावत नाही, लावायचाही नसतो. कुणीतरी द्यावा लागतो. बाई गेली असेल तर तिच्या माहेरच्यांनी यायचं, म्हणजे त्यांनी या घराला जेवायची मोकळीक दिली असं होतं.

मी त्यांना समजावलं. पक्ष्याला सुतक नसतं, हे सांगितलं. ऑस्ट्रेलियातून आलेल्या पक्ष्याला तर नसतंच नसतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उद्या सकाळी अल्लीपूरला जायला तुमची गाडी मिळेल का असं विचारलं. म्हणाले, लाल गाडीनं गेलो असतो, पण वर्ध्याला बदला, हिंगणघाटला बदला, दिवस जाते, अन् याच्यापाशी दिवस नाई.

मला तेव्हा कुठे अल्लीपूर लक्षात आलं. चंदाचं माहेर म्हणजे वसंताचं घर. इतक्या वर्षांत ते त्या रस्त्याला गेले नव्हते. मी म्हटलं, नुसता फोन केला तर नाही का चालणार. वामनराव म्हणाले, "मौतीचं आवतन फोनवर कोनी देते काय?" निरोप फोनवर देतात, सर्रास देतात. पण मी वाद घातला नाही. गाडीत पेट्रोल आहे का ते पाहून आले.

सकाळी ते पांढरा धुतलेला सदरा आणि टोपी घालून आले. एरवी माझ्या शेजारी बसले की मला ते सारखं "जागा हाय, काढा गाडी" असं सांगत असतात. त्या दिवशी एक शब्द नाही. सेवाग्रामचा फाटा गेला, हिंगणघाट गेलं. अल्लीपूरच्या वेशीवर मात्र त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. उतरले, रस्त्याकडेच्या हातपंपावर तोंड धुतलं, टोपी काढून पुन्हा घातली. मग परत येऊन बसले आणि म्हणाले, चला.

वसंता अंगणात कोबीच्या गोण्या शिवत बसला होता, बाजाराची तयारी. वामनरावांना पाहून तो उठला. हातातला दाभण खाली ठेवायचा विसरला. त्याची बायको रेखा दारात आली आणि डोक्यावर पदर घेऊन तिथेच थांबली. आता बसा म्हणावं की आधी रडावं, हे कुणालाच कळत नव्हतं.

वामनराव अंगणाच्या कडेला, चपला न काढता उभे राहिले आणि एखादी गाडी रद्द झाल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "चंदा गेली. माहेरचा कडू घास पाह्यजे."

वसंतानं आधी ऐकलं ते वेगळंच असणार, कारण त्याचा चेहरा पांढरा पडला. मग त्याला चंदा कोण ते आठवलं. "आपली चंदा? टेम्पोतली?"

"होय."

"कवा गेली भाऊजी?"

वामनरावांनी सांगितलं. जमादार खात नाही हेही सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं, मुद्द्याला धरून, एकही शब्द जास्त नाही. स्वतःबद्दल काही नाही, कुसुमबद्दल काही नाही. वसंता ऐकत होता. एमूला कडू घास द्यायला बोलावतात म्हणून तो हसेल अशी मला भीती होती. तो हसला नाही. रेखाकडे पाहून म्हणाला की आज भाकरी होणार नाही, मजूर यायचे आहेत, उद्या सकाळी येतो. रेखानं चहा विचारला. वामनराव म्हणाले की सुतकात सोयऱ्याच्या घरचं पाणी घेत नाहीत, आणि वळले. मला मात्र चहा हवा होता.

परतताना हिंगणघाट ओलांडल्यावर ते एकदाच बोलले. म्हणाले, वसंता वाळला. मी म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंता आणि रेखा मोटरसायकलवर आले. रेखाच्या मांडीवर फडक्यात बांधलेला भलामोठा डबा होता. एका पक्ष्यासाठी तो फार मोठा होता. फाटकाशी उंटिणीनं मान पुढे केली. वसंताला इथली रीत माहीत नव्हती, तो गोंधळून थांबला. मी सांगू की नको असा विचार करत होते, तोवर वामनरावांनी स्वतःच अडसर काढला आणि न बोलता बाजूला झाले. हे मी त्यांना पहिल्यांदाच करताना पाहिलं.

आम्ही जमादाराच्या कुंपणात गेलो. तो कोपऱ्यात पाय दुमडून बसला होता. त्याची पिसं विस्कटली होती आणि मान धुळीवर टेकलेली होती. वामनरावांनी त्याच्यासमोर पाणी शिंपडून जागा साफ केली, पत्रावळ मांडली. रेखानं डबा उघडला. ज्वारीच्या भाकरी, कोरडं पिठलं, आणि वर कडुलिंबाची कोवळी डहाळी. वसंता उकिडवा बसला. भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर पिठलं घेतलं, वर पान ठेवलं आणि हात जमादारापुढे केला.

"घे बापा," तो म्हणाला. "आमची पोरगी चांगली नांदवली तू. आता खाय."

जमादारानं डोळ्यावरची पापणी वर केली आणि खाली केली. वसंतानं हात जवळ नेला. जमादारानं मान दुसरीकडे टाकली.

"आनखीन एकदा दे," वामनराव म्हणाले. ते कुंपणाच्या खांबाला धरून उभे होते. वसंतानं पुन्हा दिला. मग पिठल्याशिवाय दिला. मग पान काढून दिला, आणि पान काढलं म्हणून वामनराव त्याच्यावर चिडले, की मग त्याले कडू घास काऊन म्हणाचं. वसंतानं पुन्हा पान ठेवलं. वामनराव सांगत राहिले, आनखीन एकदा. त्यांच्या आवाजात थोडासुद्धा फरक पडला नव्हता. चढावर गाडी बंद पडली तर चालकाला ते असंच सांगत असतील, पुन्हा मार, पुन्हा मार. मी जमादाराच्या मानेकडे पाहत होते. ती खालून वर उचललीच जात नव्हती.

शेवटी रेखा बोलली. तिनं वामनरावांकडे थेट पाहिलं नाही, डब्यातल्या भाकरी सारख्या करत वसंताला म्हणाली, "अवो, घरच्या कर्त्यानं अजून घास घेतला नाई. त्याच्याआधी बाकीचे कसे घेतीन?"

वसंताचा हात तसाच राहिला. मग तो उकिडवाच वळला, हातातला घास घेऊन.

"भाऊजी, बसा."

"मले कायले," वामनराव म्हणाले. "मले भूक नाई. त्याले दे."

"बसा न."

"मी सकाळी खाल्लं."

"पाच वर्सं झाले, भाऊजी," वसंता म्हणाला. "बसा आता."

वामनराव खांब धरून आणखी थोडा वेळ उभे राहिले. कुंपणाबाहेर कुणी पाहुणे आले होते, उंटीण हुंकारत होती, त्यांनी तिकडे पाहिलं नाही. मग टोपी काढून गुडघ्यावर हात देत ते खाली बसले, जमादाराच्या शेजारी, त्याच रांगेत. वसंतानं घास त्यांच्या तोंडापाशी नेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं. मी पुन्हा पाहिलं तेव्हा घास त्यांच्या तोंडात होता आणि वसंताचा रिकामा हात त्यांच्या खांद्यावर होता.

रेखानं मग सगळ्यांना पत्रावळीवर भाकरी दिली. आम्ही सगळे त्या धुळीत पंगत धरून बसलो, मीसुद्धा, गुडघे दुखत असताना. पानं कोवळी असूनही चांगली कडू होती. नुसता चावण्याचा आवाज येत होता. तेवढ्यात वसंता "अरे" म्हणाला. जमादार उठला होता. तो दोन लांब पायांवर डुलत आला, पंगतीच्या मागून मान घातली, आणि वसंताच्या पत्रावळीवरची उरलेली अर्धी भाकरी उचलून गिळली. त्याच्या उंच मानेतून ती खाली उतरताना दिसली. मग त्यानं रेखाच्या बांगडीवर चोच मारून पाहिली, ती निघेना म्हणून डब्यात तोंड घातलं. रेखा डबा धरून हसायला लागली, हसता हसता पदर तोंडाला लावला. वसंता त्याला मोडून मोडून तुकडे देत होता आणि पाणी आणा, पाणी आणा म्हणत होता. पाणी मीच आणलं. जमादार ते प्यायला, अर्धं माझ्या लुगड्यावर सांडलं.

या सगळ्यात वामनराव जागचे हलले नव्हते. टोपी मांडीवर, नजर जमिनीवर. भाकरी पातळ होती, घास लहानच होता. तरी तो एकच घास ते अजून चावत होते.